गाडी वाजते की नाही

सोनईला माझ्या मेव्हण्याच्या मुलीचं लग्न होतं. बुद्धवंदना झाली, लग्न लागलं, पंगती उठल्या, आणि अंधाराच्या आत घरी पोचावं म्हणून मी आणि बायको निरोप घेऊन गाडीकडे निघालो. गाडी विहाराच्या मागच्या मोकळ्या जागेत लिंबाच्या सावलीला लावली होती. जवळ गेलो तर मागचं दार अर्धं उघडं, आणि आत सीटवर एक आजी बसलेल्या. चपला बाहेर मातीत जोडीनं काढून ठेवलेल्या, पाय वर घेतलेले, मांडीवर बुंदीची पिशवी. झोप लागून नुकतीच उघडली असावी.

"लई येळ लावला रं," त्या म्हणाल्या. "चला आता."

मी बायकोकडे बघितलं. तिच्या माहेरचं कुणी असेल असं मला वाटलं. तिनं माझ्याकडे बघितलं, कारण तिला वाटलं माझ्या ओळखीचं कुणी आहे.

"आजी, कुठं जायचंय तुम्हाला?" मी विचारलं.

"कुठं म्हंजी? घोडेगावला. सकाळी तुमीच आनलं न्हवं का?"

मग त्यांनी मला नीट निरखलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर शंका उमटली. "तू त्यो न्हाईस व्हय?"

मी तो नव्हतो. तो, म्हणजे त्यांचा पुतण्या, थोड्या अंतरावर दुसऱ्या पांढऱ्या गाडीपाशी उभा राहून सगळ्यांना 'आमची चुलती बघितली का' असं विचारत होता. आजींना उतरवलं, चपला घातल्या, त्यांना पुतण्याच्या हवाली केलं. जाताना बायकोनं विचारलं, "आजी, गाडी उघडली कशी तुम्ही?"

"उघडीच हुती की," आजी म्हणाल्या.

मी गाडी लॉक केली होती. निदान मला तसं पक्कं वाटत होतं. चालता चालता किल्लीवरचं बटण दाबलं, किल्ली खिशात टाकली. खिशात ते बटण पुन्हा दाबलं गेलं असेल, किंवा पहिल्यांदा दाबलंच गेलं नसेल. आमची गाडी जुनी घेतलेली आहे. लॉक झाली की चारी दिवे एकदा मिचकतात, तेवढंच. भर उन्हात ते मिचकणं दिसत नाही. दार ओढून खात्री करावी म्हटलं तर तीही सोय नाही, कारण किल्ली खिशात असली की दाराच्या मुठीला हात लागताच ती गाडी आपोआप उघडते. म्हणजे बंद झाली का हे बघायला जावं आणि आपल्याच हातानं ती उघडून बसावी.

घोडेगाव मागे पडलं. मग बायको म्हणाली, "आज आजी होत्या म्हणून बरं. आमच्या शाळेतल्या बाईंची गाडी लॉक झाली की टीं करून वाजते. आपलीपण तशी करून घ्या."

"करतो," मी म्हणालो. एवढं काय अवघड असणार होतं?

रविवारी सकाळी मी गाडीत जाऊन बसलो. ज्यांच्याकडून गाडी घेतली त्यांनी तिच्याबरोबरचं पुस्तक हरवलं होतं, त्यामुळे जे काय करायचं ते समोरच्या पडद्यावर बोट फिरवत. सगळं इंग्रजीत. माझं इंग्रजी ड्रॉइंग वाचण्यापुरतं आहे. मी सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात काम करतो. बरीच वर्षं प्रेस शॉपमध्ये, पत्रा ठोकणाऱ्या मशीनवर काढली, आता क्वालिटीत आहे. पत्र्याच्या तुकड्याला कुठं भोक पाडायचं ते मला इंग्रजीत कळतं, गाडीच्या मनात काय आहे ते कळत नाही. तरी शोधत शोधत 'व्हेईकल'मध्ये शिरलो, तिथून 'डोअर्स', तिथून 'लॉक फीडबॅक'. तिथं दोन पर्याय होते: नुसते दिवे, किंवा दिवे आणि आवाज. मी दुसऱ्यावर बोट ठेवलं. खाली आवाज कमी, मध्यम, जास्त करायची पट्टी होती. ती मध्यमवर ठेवली, खाली उतरलो, चार पावलं मागं गेलो आणि बटण दाबलं.

दिवे मिचकले. आवाज नाही.

परत दाबलं. दिवे मिचकले. आवाज नाही. आत बसून पुन्हा सगळं बघितलं. बरोबरची खूण होती तिथंच होती.

एवढ्यात बायको पोर्चमध्ये आली. "झाली वाटतं," ती म्हणाली.

"कुठं झाली?"

"वाजली की आत्ता."

मला वाटलं, गल्लीत दुसरी कुणाची तरी वाजली असेल. मी तिला थांब म्हणालो आणि परत दाबलं.

"वाजली," ती म्हणाली.

"अगं, कुठं वाजली?"

"अहो, वाजली. बारीक आहे, पण वाजली."

मी मान हलवली आणि मोबाईल काढला. मोबाईलवर एक माणूस हिंदीत सांगत होता की पडद्यावर नुसतं लावून भागत नाही, किल्लीवरची लॉक आणि अनलॉक अशी दोन्ही बटणं एकदम दाबून धरायची, दिवे मिचकले की सोडायची. मी तसं केलं. दिवे मिचकले. मग लॉकचं बटण दाबलं.

"आता नाही वाजली," बायको म्हणाली.

"मघाशी तरी कुठं वाजली होती?"

"मघाशी वाजली होती. आता नाही."

मी परत दोन्ही बटणं दाबून धरली, सोडली, लॉक केलं.

"आता वाजली."

माझ्या लक्षात आलं की ती अंदाजानं बोलते आहे. दिवे मिचकले की वाजली म्हणायचं, मध्येच एकदा नाही म्हणायचं, म्हणजे खरं वाटेल. तिला आत कामं होती आणि माझ्या ह्या खटाटोपातून लवकर सुटायचं होतं. हे माझ्या मनात इतकं पक्कं बसलं की मी म्हणालो, "एक काम कर. डोळे मिट आणि मग सांग."

तिनं माझ्याकडे बघितलं. "मला पेपर तपासायचेत," असं म्हणून ती आत गेली.

मी एकटाच राहिलो. आवाजाची पट्टी जास्तवर नेली. दोन्ही बटणं दाबायचो, मग लॉक, मग अनलॉक, मग पुन्हा लॉक. कधी गाडीला कान लावून, कधी गल्लीच्या टोकाला जाऊन. चालू केलंय की बंद केलंय हेच आता मला कळेनासं झालं होतं. जे चालू झाल्याचं कळत नाही ते बंद झाल्याचं तरी कसं कळणार? समोरच्या घरात एक निवृत्त मॅडम राहतात. त्या फाटकाशी आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, सकाळपासून ही ची ची कसली लावलीय?"

मी वर झाडाकडे बघितलं. म्हटलं, "खारी असतील."

"खारी कशानं? तुमची गाडी!"

मी हसून हात जोडले. त्या मॅडमना गेल्या वर्षापासून बऱ्याच गोष्टींचा त्रास होतो, असं आमच्या गल्लीत सगळेच म्हणतात. मी आत आलो आणि बायकोला म्हणालो की समोरच्या मॅडमना आता भास व्हायला लागलेत. ती पेपरातून मान वर न करता काहीतरी म्हणाली. काय म्हणाली ते मला नीट कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

पुढचा आठवडा असाच गेला. कारखान्याच्या पार्किंगमध्ये गाडी लावली की मी उभा राहून वाट बघायचो. आवाज यायचा नाही. मग गाडीभोवती एक फेरी मारून काचेतून दाराची कडी खाली गेली का ते बघायचो. एकदा निम्म्या वाटेवरून परत आलो. लॉक होतं. पण माझं मन लॉक व्हायला तयार नव्हतं. पूर्वी जे काम मी विचार न करता करत होतो ते आता करताना हात अडखळायला लागला.

शेवटी शनिवारी पुणे रस्त्यावरच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. रस्त्याकडेला पत्र्याची शेड, समोर दोन-तीन गाड्या, बाकावर एक ट्रकवाला चहा पीत बसलेला, आणि बाकाखाली एक तांबूस कुत्रं पाय ताणून झोपलेलं. इलेक्ट्रिशियन माझ्यापेक्षा वयानं लहान, बोलायला मोकळा. मी त्याला म्हणालो, लॉकचा आवाज बसवायचाय, सेटिंग केलं पण वाजत नाही, आतला बझर गेलेला दिसतो.

त्यानं किल्ली घेतली आणि बटण दाबलं. दिवे मिचकले.

"काका, वाजतंय की."

"कुठं?"

त्यानं परत दाबलं. "ह्ये बघा. चांगलं खणखणीत हाय."

मी ट्रकवाल्याकडे बघितलं. तो म्हणाला, "हाय हाय. वाजतंय."

मी हसलो. अशा ठिकाणी गिऱ्हाइकाची गंमत करायची पद्धत असते, आमच्या कारखान्यातही नव्या माणसाची आम्ही करायचो. म्हटलं, "बरं, झाली गंमत. आता बघा काय झालंय ते."

इलेक्ट्रिशियनचा चेहरा गोंधळला. "गंमत कशाची, काका? तुमाला काय आवाज पायजे? मोठा पायजे का? मोठ्यावरच लावलाय ह्यो."

"मला वेड्यात काढू नका," मी म्हणालो. आवाज चढला असावा, कारण ट्रकवाल्यानं चहाचा कप खाली ठेवला. इलेक्ट्रिशियननं बॉनेट उघडलं, आत कुठंतरी हात घातला, बॉनेट लावलं, आणि किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाला, "तुमीच दाबा."

मी दाबलं. दिवे मिचकले, आणि बाकाखालच्या कुत्र्यानं एक कान उचलला.

मी त्या कुत्र्याकडे बघत राहिलो. त्यानं कान खाली टाकला, डोळे मिटले. मी परत दाबलं. कान वर झाला. मग मी किल्ली खिशात घातली, दुसऱ्याच कुठंतरी बघितल्यासारखं केलं, आणि खिशातल्या खिशात बटण दाबलं. आता मला दिवेही दिसत नव्हते, मी फक्त कुत्र्याकडे तिरक्या नजरेनं बघत होतो. त्यानं कान उचलला, मान वर केली आणि ह्या वेळी वैतागून माझ्याकडे बघितलं.

बायको कंटाळून खोटं बोलली असती. मॅडमना भास झाले असते. ट्रकवाल्यानं आणि इलेक्ट्रिशियननं मिळून माझी फिरकी घेतली असती. पण त्या कुत्र्याला माझी गंमत करण्यात काय मिळणार होतं?

"आला का आता?" इलेक्ट्रिशियननं विचारलं.

"आला, आला," मी म्हणालो. "आत्ता आला."

बझरला काही केलेलं नसताना मी ऐकू आलं म्हणतोय हे बघून तो आणखीच गोंधळला. मी गाडीत बसून निघालो. वाटेत हॉर्न वाजवून बघितला. ऐकू आला. मागून बस आली, ती ऐकू आली. रेडिओ लावला, त्यावरचा माणूस ऐकू आला. मग बहिरा कसा म्हणायचा मी स्वतःला? बहिरी माणसं मी बघितली आहेत. माझे एक काका होते, त्यांच्या कानाशी ओरडावं लागायचं. माझ्याशी कुणी ओरडून बोलत नव्हतं. दर रविवारी विहारात बसतो, वंदना सगळी ऐकू येते. हे मनात आलं आणि लगेच दुसरं आलं: वंदना मला लहानपणापासून पाठ आहे. पाठ असलेलं ऐकावं कुठं लागतं?

घरी बायको नव्हती. मी कपाट उघडून ताप मोजायची ती डिजिटल काडी काढली. ती आमच्या घरात कित्येक वर्षं आहे, आणि ती वाजत नाही म्हणून मी ती अंदाजानं काढून बघायचो. मी ती काखेत धरून पलंगावर बसलो. बराच वेळ बसलो. बायको आली, पिशव्या ठेवल्या आणि माझ्याकडे बघून घाबरली.

"ताप आलाय?"

"नाही. हे वाजतं का ते बघतोय."

"वाजतं की. मी दार उघडलं तेव्हाच वाजत होतं."

मी काडी काढून तिच्या हातात दिली. "मला ऐकू येत नाही," मी म्हणालो. "हेही नाही आणि गाडीपण नाही."

ती माझ्या शेजारी बसली. पहिल्यांदा तिला वाटलं मी रविवारचं भांडण उकरून काढतोय. मग तिनं माझा चेहरा बघितला असावा. ती उठली, माझ्याकडे पाठ करून खिडकीशी उभी राहिली. काहीतरी पुटपुटल्यासारखं ऐकू आलं, भिंतीपलीकडं कुणी बोलत असावं तसं. मी म्हणालो, "आठला कुठं जायचंय?"

ती वळली. "मी म्हटलं, साठ रुपयांची भाजी आणली."

"बरं."

"अहो, बरं काय? तोंड दिसत असलं की तुम्हाला कळतं. पाठ फिरवली की कळत नाही." ती परत येऊन बसली. मग म्हणाली, "माझी आई आजारी होती तेव्हा मी स्वयंपाकघरातून तुम्हाला विचारलं होतं, दोघं सोनईला जाऊन येऊ का म्हणून. तुम्ही पेपर वाचत होतात. मान पण वर केली नाही."

तो दिवस मला आठवत होता, पण वेगळा. मला आठवत होतं की मी पेपर वाचत होतो, आणि तेवढ्यात ती पिशवी भरून एसटीला निघून गेली. एक शब्द न बोलता. मी दोन दिवस तिला फोनसुद्धा केला नव्हता.

"तू न सांगता गेली होतीस," मी म्हणालो.

"मी सांगितलं होतं. दोनदा सांगितलं होतं."

इतकी वर्षं त्या दिवसाचा राग तिच्याजवळ एक होता आणि माझ्याजवळ एक होता, आणि दोन्ही खरे होते.

"मग मी इतकी वर्षं भांडत होते ते कुणाशी?" ती म्हणाली. हे तिनं रागानं विचारलं नव्हतं. तिला खरोखरच कळत नव्हतं. ती उठून चहा ठेवायला गेली, आणि दारातून मागं वळून, मला तिचं तोंड दिसेल असं उभं राहून, साखर घालू का म्हणून विचारलं. ती इतक्या जपून बोलली की मला जास्तच परकं वाटलं.

नगरमध्ये कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. तिथल्या एका मॅडमनी मला काचेच्या छोट्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन घातला, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. सुरुवातीला सोपं होतं. जाडसर, घुमणारे आवाज यायचे, मी दाबायचो. मग आवाज थांबले. मला वाटलं तपासणी संपली. काचेपलीकडं बघितलं तर मॅडम काहीतरी फिरवतच होत्या, लिहीतच होत्या. त्यांचा हात हलतोय आणि माझ्या कानात काहीच नाही. शाळेत नापास व्हायची भीती वाटायची तसं वाटलं, आणि मी त्यांचा हात बघून बटण दाबायला लागलो.

दार उघडलं. "काका, अंदाजानं नाही दाबायचं," मॅडम म्हणाल्या आणि माझी खुर्ची भिंतीकडे फिरवून दिली.

डॉक्टरांनी आलेख दाखवला. रेघ बराच वेळ सरळ गेली होती आणि मग घाट उतरावा तशी खाली आली होती. जाड आवाज ठीक, बारीक आवाज गेलेले. त्यांनी विचारलं, काम काय करता? मी सांगितलं, प्रेस शॉप. ते मान हलवून लिहायला लागले, जणू ते उत्तर त्यांना आधीच माहीत होतं.

"कानात बोळे घालत होता?"

"सुरुवातीला नव्हतेच. मग आले. पण ते घातले की शेजारच्याची हाक ऐकू यायची नाही. प्रेसवर हात असताना हाक ऐकू आली पाहिजे."

"बरोबर आहे," डॉक्टर म्हणाले. "आणि आता?"

आता काय, हे त्यांनीच मला सांगितलं. गेलेलं परत येणार नाही. कानाला मशीन लावलं तर उरलेलं कामाला येईल. माणसांचं बोलणं कळतं पण शब्द चुकतात, कारण स, श, ठ, त असली अक्षरं ह्या बारीक आवाजांत असतात. मी ऐकत होतो, आणि कुठली अक्षरं ऐकतोय आणि कुठली त्यांच्या ओठांवरून घेतोय हे तपासत होतो. आतापर्यंत हे मी कधी केलं नव्हतं. एकदा करायला लागल्यावर त्यांचं बोलणंच निसटायला लागलं.

मशीन यायला काही दिवस लागणार होते. तोवर गाडीचं काय? मी परत त्या इलेक्ट्रिशियनकडे गेलो आणि खरं काय ते सांगितलं. तो मोकळेपणानं हसला आणि मग हसल्याचं त्याला वाईट वाटलं. "आमच्या आबालाबी असंच हाय," तो म्हणाला. त्यानं लॉकच्या वायरीला एक जुना जाड आवाजाचा हॉर्न जोडून दिला. बटण दाबलं की गाडी 'भोंक' करायची. मला पहिल्यांदा, इतक्या दिवसांच्या धडपडीनंतर, माझी गाडी बंद झाल्याचं कळलं. बायको मात्र पहिल्याच दिवशी पोर्चमध्ये दचकून चार पावलं मागं सरली, आणि कारखान्याच्या पार्किंगमध्ये वॉचमननं मला विचारलं की साहेब, गाडीला कुणी आडवं आलं का?

मशीन आलं. कान तपासणाऱ्या मॅडमनी ते दोन्ही कानांमागं बसवलं आणि म्हणाल्या, "आता बोलते, ऐका." मी त्यांचं ऐकत नव्हतो. टेबलावर कुणीतरी कागद चुरगळत होतं आणि तो आवाज माझ्या डोक्यात कुऱ्हाडीसारखा शिरत होता. पंखा फिरत होता हे कळत होतं. माझ्या स्वतःच्या शर्टाचा आवाज येत होता. मी बायकोला विचारलं, "हे सगळं तुला नेहमीच ऐकू येतं?"

"काय सगळं?" ती म्हणाली.

येताना रसवंतीवर थांबलो. उसाच्या चरकाचं चाक फिरायला लागलं आणि छुम छुम असा आवाज आला. मी म्हणालो, "परत घुंगरू लावायला लागले वाटतं हे लोक. मध्यंतरी बंद केलं होतं."

बायकोनं ग्लास हातात धरून माझ्याकडे बघितलं. "कधी बंद केलं होतं?" ती म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं. माझ्याही आलं. आम्ही रस प्यायलो. रसवंतीवाल्याला काही कळलं नाही, त्यानं आम्हाला थोडा जास्त रस घातला, दोघांचे चेहरे बघून असेल.

घरी येऊन पहिलं काम केलं ते गाडीचं. हॉर्नची वायर काढून ठेवली, दोन्ही बटणं दाबून धरली, सोडली, लॉक केलं. पहिल्यांदा काही नाही. परत दोन्ही बटणं, परत लॉक.

टीं.

एवढंसं ते. इतकं तिखट आणि इतकं बारीक, की मला ते आवडलंच नाही. एका आवाजासाठी माणूस इतका हिंडला आणि तो हाती लागला तर असा. मी पट्टी जास्तवरून कमीवर आणली. समोरच्या मॅडमच्या फाटकाकडे बघितलं. त्या बाहेर नव्हत्या. नंतर एकदा भेटल्या तेव्हा मी त्यांची माफी मागितली. त्यांना कशाबद्दल ते आठवेना.

मला वाटलं होतं की मशीन लागलं म्हणजे सगळं सरळ होईल. तसं झालेलं नाही. आवाज येतो, पण कुठून येतो ते कळत नाही. पार्किंगमध्ये टीं झालं की आपली गाडी का दुसऱ्याची ह्याचा अजून घोटाळा होतो. आणि भांडी घासण्याचा आवाज मला सहन होत नाही, त्यामुळे त्या वेळी मी मशीन काढून ठेवतो. मग बायको काहीतरी विचारते, मला कळत नाही, आणि तिला वाटतं मशीन आहे आणि तरी मी ऐकत नाही. म्हणजे पुन्हा तेच. फक्त आता आम्ही थांबतो आणि एकमेकांना विचारतो: लावलंय का? काढलंय का? माझंही कधी कधी उत्तर चुकतं, कारण मी काढलंय की नाही हे मला कानाला हात लावून बघावं लागतं.

परवा संध्याकाळी मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलो होतो आणि ती आत भाकरी करत होती. तव्याचा, हाताच्या थापांचा आवाज येत होता. त्या थापांच्या मध्ये ती बोलत होती, अगदी हळू, कुणाशी तरी बोलावं तसं. "आता ह्यांच्या बहिणीचा फोन येईल. आला की हो म्हणतील. मला विचारणार नाहीत. दिवाळीला यायचं म्हणाली की सगळी आलीच."

मी पेपर खाली केला. "तिला आधी तुला विचारून सांगतो म्हणून सांगेन," मी म्हणालो.

भाकरीची थाप थांबली. ती हाताला पीठ तसंच घेऊन दारात आली.

"तुम्हाला ऐकू आलं?"

"आलं."

तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी निरखून बघितलं. आनंद होता असं मला आधी वाटलं. मग कळलं, तो आनंद नव्हता.

"अहो, मी तुमच्याशी बोलत नव्हते," ती म्हणाली. "मी अशीच बोलते. रोज बोलते. तुमच्याबद्दल, तुमच्या बहिणीबद्दल, शाळेतल्या बाईंबद्दल. इतकी वर्षं बोलते."

"मला काय माहीत?"

"तेच तर." ती पिठाचे हात तसेच धरून उभी होती. "मग आता मी बोलायचं कुठं?"

मी म्हणालो, बोल, मी मशीन काढतो. ती म्हणाली, नको, लावलेलंच असू द्या. मी हात कानाकडे नेला होता, तो खाली आणला. ती आत गेली. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास दोघांनाही एकदमच आला, आणि ती ओरडली. ते मात्र मला मशीनशिवायही ऐकू आलं असतं.